इंटर्नसमोर आपले डोळे भरून आले तर चालतं का?

प्रश्न : मी सोलापुरातल्या एका फिजिओथेरपी कॉलेजात शिकवते, इंटर्नची बॅच वॉर्डात आणि ओपीडीत माझ्याकडेच असते. मागच्या महिन्यात आमचे एक पेशंट गेले, पूर्व भागातले आजोबा, अख्खं आयुष्य मागावर गेलेलं, लकव्याने उजवी बाजू गेली होती. माझी एक इंटर्न रोज त्यांचा व्यायाम घ्यायची, त्यांना मराठी फारसं जमायचं नाही म्हणून तिने त्यांच्या सुनेकडून तेलुगू आकडे शिकून घेतले आणि ओकटी, रेंडू, मूडू असं मोजत हात वर करून घ्यायची. परत लकव्याचा झटका आला आणि एका रात्रीत सगळं संपलं. सकाळी तिने रिकामी कॉट बघितली, काही न बोलता पुढच्या पेशंटकडे गेली आणि दुपारी स्टोअररूममध्ये रडताना दिसली. मलाही भरून आलं होतं. आमचे एक सिनिअर म्हणतात की मुलांसमोर असलं दाखवलं की धाक राहत नाही, त्यांना अंतर ठेवायला शिकवा. मला पटत नाही, पण किती बोलायचं तेही कळत नाही. शिवाय माझीच कंबर धरलेली असते, डबा चारला उघडते, मग काळजी घ्या असं मुलांना कुठल्या तोंडाने सांगू?

उत्तर : ताई, चालतं. आणि माझ्या मते फिजिओच्या मुलांना हे बघायला मिळालंच पाहिजे. डॉक्टर राऊंड घेऊन पुढे जातात, आपला इंटर्न मात्र त्याच माणसाला रोज अर्धा-पाऊण तास हात लावून असतो, त्याची चिडचिड, घाम, घरची भांडणं सगळं ऐकतो. लकव्यात बराचसा फरक पहिल्या तीनेक महिन्यांत पडतो आणि बहुतेकदा पाय आधी साथ देतो, हात मागे राहतो, त्यामुळे "हात कधी चालायचा ओ बाई?" हे रोज ऐकायचं ते बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीने. तिला नुसतं अंतर ठेव म्हटलं तर ती ठेवणार कसं, ते कुणी करून दाखवलंय का तिला?

बोलायचं किती, तर थोडं आणि स्पष्ट. "आजोबा गेले, मला वाईट वाटतंय. मी दहा मिनिटं चहा घेऊन बसणार आहे, तू पण ये, मग तीनच्या पेशंटकडे दोघी जाऊ." बास. काय वाटतंय ते सांगितलं, त्याचं काय करणार ते सांगितलं, काम कुठून पुढे सुरू होणार तेही सांगितलं. घरचं टेन्शन, वरच्यांवरचा राग हे त्यात आणू नका, मुलांना ते पेलत नाही आणि आपण ऐकून घेणारे कोण हेही त्यांना समजेनासं होतं. सगळ्यांना गोल बसवून आता प्रत्येकाने मन मोकळं करा असंही नको हो, कुणाला आईला फोन करायचा असतो, कुणाला संध्याकाळी सिद्धेश्वरच्या तळ्याकाठी एकटं बसायचं असतं. आणि एक गोष्ट विसरली जाते, लॉगबुकवर सही तुमचीच असते. त्यामुळे याचा मार्कांशी काही संबंध नाही हे तोंडाने सांगा आणि नंतर फीडबॅकमध्ये "भावनिकदृष्ट्या कमकुवत" असं काही लिहू नका.

आता कंबर आणि डबा. अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये केलेला प्रयोग तुम्ही सायकॉलॉजीत शिकला असाल, मोठ्यांनी बाहुलीला जसं मारलं तसंच बघणाऱ्या मुलांनीही मारलं. वॉर्डातही तेच चालतं. वॉर्डबॉय मामा जागेवर नाहीत म्हणून तुम्ही नव्वद किलोच्या पेशंटला एकटीने खुर्चीत बसवलं की चार इंटर्न ते बघून घेतात, मग बॉडी मेकॅनिक्सचं, म्हणजे वजन उचलताना अंग कसं ठेवायचं याचं लेक्चर कितीही छान होऊ दे. त्याऐवजी मोठ्याने म्हणा, "मला एकटीला जमणार नाही, एकजण या." प्लिंथची, म्हणजे व्यायामाच्या टेबलाची उंची बदलता येत असेल तर आधी ती बदला, मग हात लावा. दीडला डबा उघडा आणि मुलांना उठवून सोबत न्या, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो, पाण्याच्या बाटलीशिवाय ओपीडी काढणं काही कौतुकाचं नाही. कंबर सहकाऱ्याला दाखवा, आणि दाखवतेय हे मुलांना कळू द्या. पेशंटला आपण दुखणं अंगावर काढू नका म्हणतो ना.

पण सगळा भार "स्वतःची काळजी"वर टाकू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार गळून जाण्याची नोंद कामाशी जोडलेली गोष्ट म्हणून केलीये, आजार म्हणून नाही, कामाचा ताण सतत राहिला आणि हाताळलाच गेला नाही की तो येतो. म्हणून पेशंट गेला त्या दिवशी त्या इंटर्नच्या यादीतला एक पेशंट कमी करा, हे तुमच्या हातात आहे.

आणि पोरगी दोन आठवड्यांनंतरही झोपत नसेल, जेवण तुटलं असेल, जगून काय उपयोग असं काही बोलली तर थांबायचंच नाही, तिच्यासोबत मानसोपचार ओपीडीला जा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, फुकट आणि मराठीतही चालतो, तो बोर्डवर लिहूनच ठेवा.

सिनिअरना धाकाबद्दल एवढंच विचारा की शेकाच्या हॉट पॅकने पेशंटला चटका बसला तर घाबरलेली इंटर्न सांगेल का? संवेदना गेलेल्या पेशंटला तो कळतही नाही, इंटर्नने लपवला की जखम वाढते. मग शनिवारच्या केस डिस्कशनमधली शेवटची दहा मिनिटं मागून घ्या, या आठवड्यात कुठला पेशंट जड गेला एवढाच प्रश्न, आणि पहिलं उत्तर तुम्ही द्या. आजोबांच्या सुनेला भेटायला जायचंय का हे त्या मुलीला एकदा विचारा, नको म्हणाली तर परत विचारू नका.