पुतण्या मांजराचा मुखवटा लावून चार पायांवर उड्या मारतो, तो थेरियन आहे का?

तेवढ्यावरून नाही. त्या उड्यांना क्वाड्रोबिक्स म्हणतात. ती कुणीही करतं. माणसासारख्या वागणाऱ्या प्राणी-पात्रांची आवड असणारे ते फरी, तो छंद. थेरियनला मात्र आपण आतून खरोखर लांडगा किंवा मांजर आहोत असं वाटतं, शरीर माणसाचंच आहे हे पक्कं ठाऊक असूनही. १९९०च्या दशकात यूझनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचांवर, वेअरवुल्फची (लांडगा होणाऱ्या माणसाची) चर्चा करणाऱ्यांतून हा गट उभा राहिला. स्वतःला एल्फ (परीकथांतला जीव), ड्रॅगन मानणारे अदरकिन. ‘अल्टरह्यूमन’ या मोठ्या शब्दात थेरियन आणि अदरकिन दोघंही येतात. एक मोठं भांडण या प्रश्नावर: अशी ओळख आपसूक असते की ठरवून घेता येते? ‘ठरवून’ म्हटलं की बरेच थेरियन चिडतात. मला हा वाद थोडा अतीच वाटतो. पुतण्याला सरळ विचारा, कदाचित नुसती मजा असेल.