वाचकांचे प्रश्न : ‘मेन ओन्ली’चा जुना अंक

प्रश्न : रद्दीत ‘मेन ओन्ली’ या ब्रिटिश मासिकाचा खिशात मावेल एवढा अंक मिळाला. मुखपृष्ठावर अर्कचित्र, आत कथा आणि विनोद. हे तर प्रौढांचं मासिक ना? अंक बनावट आहे का? साल कसं ओळखायचं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : अंक अस्सल असणार. नाव एक, पण मासिकं खरं तर दोन. पहिलं १९३५ मध्ये लंडनच्या सी. आर्थर पिअर्सन या प्रकाशनसंस्थेनं काढलं. आकार सुमारे ११५ बाय १६५ मिलिमीटर. कथा, लेख, व्यंगचित्रं आणि अधूनमधून एखादं नग्नचित्र, असा मजकूर असे. स्त्रीवाचक आम्हाला नकोतच, असं त्यांनी सुरुवातीलाच ठणकावलं होतं. १९६० मध्ये ‘लिलिपुट’ हे तशाच छोट्या चणीचं मासिक त्यात विलीन झालं. लंडनच्या सोहो भागातल्या ‘रेव्ह्यूबार’ या नग्ननृत्यांच्या क्लबचे मालक पॉल रेमंड यांनी १९७१ मध्ये ‘मेन ओन्ली’ घेतलं आणि नावाखेरीज जवळपास सगळं बदललं. आज लोकांना आठवतं ते हे दुसरं, पानोपानी नग्न छायाचित्रांचं. पहिल्याची छत्तीस वर्षं त्याखाली झाकली गेली, याची हळहळ वाटते.

सालासाठी आधी किंमत पाहा. ब्रिटनमध्ये दशमान चलन, म्हणजे शिलिंगविना शंभर पेन्सचा पौंड, १५ फेब्रुवारी १९७१ ला आलं. किंमत नुसती शिलिंग-पेन्समध्ये असेल, तर अंक त्याआधीचा. पेन्सची जुनी खूण ‘डी’, नवी ‘पी’. अंक बारीक आणि कागद हलका असेल तर तो युद्धकाळातला असू शकतो. १९४० पासून तिथं कागदाचं रेशनिंग होतं.

प्रश्न : पिना गंजल्यात, काही गुळगुळीत पानं चिकटलीत. काय करू?

उत्तर : पिना ओढू नका, गंजाभोवतीचा कागद ठिसूळ झालेला असतो. मधलं पान उघडा, पिनेच्या पायांखाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवा, बोथट सुरीनं पाय सरळ करा आणि पिना पाठीकडून काढा. मग त्याच भोकांतून सुती दोरा ओवा. सेलोटेप अजिबात लावू नका. त्याचा डिंक कागदात मुरून पिवळा पडतो. चिकटलेल्या गुळगुळीत कागदाला, म्हणजे आर्टपेपरला, वाफ किंवा पाणी दाखवू नका. त्यावरचा मातीचा लेपच ओला होऊन चिकटतो, आणि ओढलं की छपाईसकट निघतो. तेवढी पानं तशीच राहू द्या.

प्रश्न : ‘पेंटहाउस’ हे प्रौढांचं मासिक तरी अमेरिकन ना?

उत्तर : नाही. बॉब गुच्चिओनी अमेरिकन, पण मासिक त्यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये सुरू केलं. अमेरिकी आवृत्ती १९६९ ची.