रोल संपला की मिरची काय कामाची

प्रिय,

अनेक आशीर्वाद. फोनवर घाईत बोलणं झालं, म्हणून लिहितोय. ब्याडगीचा मिरचीबाजार, गुंटूरच्या मिरचीची तेजी, कोल्ड स्टोरेजचं भाडं, सगळ्यावर तुझा बारीक डोळा आहे. असू दे. जानेवारी ते एप्रिल आवक असते तेव्हाच वर्षाची बेगमी करायची. फक्त सुरुवातीचा माल ओलसर असतो. मिरची कानाशी हलवली की बी खुळखुळलं पाहिजे, नाहीतर मिरचीच्या भावाने पाणी घेशील.

माझा कारखाना मात्र मिरचीवाचून कधी थांबला नाही. थांबला तो पाऊचच्या छापील रोलवाचून, म्हणजे मशीन ज्याचे पाऊच करून मसाला भरतं त्या प्लास्टिकवाचून. ऐन एप्रिलात, घरोघर वर्षाचा मसाला भरतात तेव्हा. दळलेला माल पिंपात आणि मशीन नऊ दिवस बंद! कोऱ्या पाऊचवर स्टिकर लावायला सहा बायका बसवल्या, तरी निम्मा माल पडूनच. दळल्यावर तिखटाचा रंग उतरत जातो, हे तुला सांगायला नको.

तेव्हापासून वहीत दोन तारखा लिहू लागलो. ऑर्डर दिली ती, आणि माल दारात उतरला ती. पुरवठादार म्हणायचा पंधरा दिवस. वहीत निघाले 13, 16, 15, 27, 14. सरासरी 17. रोज 2 रोल लागत असतील तर 34 उरले की ऑर्डर द्यावी, असं कुणीही सांगेल. पण ते 27 दिवस पुन्हा आले तर 54 लागतील. वरचे 20 रोल पाहून तुझे बाबा कुरकुरतील. कुरकुरू देत, मिरचीत अडकलेल्या पैशापुढे ती चिल्लर आहे. वर्षभराचे मात्र भरू नकोस. पाऊचवरचा मजकूर बदलला की सगळे भंगारात.

आणि मार्चअखेरच्या ऑर्डरी बघून हुरळू नकोस. सवलतीच्या स्कीमसाठी स्टॉकिस्ट, म्हणजे आपला माल साठवून दुकानांना देणारे व्यापारी, दुप्पट उचलतात आणि पुढचा महिना गप्प बसतात. त्यांच्या गोदामात किती शिल्लक आहे, ते दर सोमवारी विचार. सुरुवातीला टाळतील, उधारीचा विषय निघाला की सांगतात.

पाडव्यानंतर येतोय. वर्षभराची रोलची बिलं काढून ठेव. माल उतरल्याची तारीख बिलावर नसते, ती गेटवरच्या वहीत सापडेल.

तुझा,
काका