डोक्याला मार लागलेला माणूस घरी आल्यावर

ताई, मिस्टर घरी आले, आता सगळं पूर्वीसारखं होईल असं वाटतंय ना? भाऊ घरी आला तेव्हा मलाही वाटलं होतं. सध्या एवढंच सांभाळा:

- थकवा म्हणजे आळस नव्हे. दहा मिनिटांच्या गप्पांनीही मेंदू दमतो. भेटायला येणाऱ्यांना सरळ थोपवा, वाईटपणा आला तरी चालेल. टीव्ही बंद, एका वेळी एकानेच बोलायचं.
- शर्टाची बटणं त्यांनाच लावू द्या. आपलेच हात शिवशिवतात! मी भावाला कित्येक महिने भरवत बसलो, तीच माझी मोठी चूक.
- फिटची गोळी मनाने बंद करू नका. दारू नाहीच. गाडी डॉक्टर म्हणतील तेव्हा.

चिडले तर वाद नको, विषय बदला. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा भराभर दिसते, नंतर हळू होते, पण पुढेही होत राहू शकते. नोकरीचं नंतर बघू.