परिचर्या व्यवसायाचा देशपातळीवर विकास करायचा असेल, तर सुरुवात कुठून करावी: शिक्षण, नेतृत्व की सन्मान?

सुरुवात शिक्षणापासूनच करावी, पण तिथे थांबू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ७९ लाख परिचारिका व परिचारक होते आणि तरीही सुमारे ५९ लाखांची कमतरता होती. ही उणीव केवळ प्रवेशाच्या जागा वाढवून भरत नाही, कारण अनुभवी शिक्षक आणि प्रत्यक्ष रुग्णाजवळ, देखरेखीखाली मिळणारे प्रशिक्षण नसेल, तर पदवी हाती येते, पण निर्णयक्षमता येत नाही.

नेतृत्वाकडे मात्र अनेकदा दुर्लक्ष होते आणि मला हीच खरी अडचण वाटते. आरोग्य मंत्रालयात अधिकार असलेले मुख्य परिचर्या अधिकारी हे पद नसेल, तर एका पाळीत किती रुग्णांमागे किती परिचारिका असाव्यात, हे ज्यांनी कधी रात्रपाळी केलेली नाही अशी माणसे ठरवतात.

सन्मानाबाबत एवढेच सांगतो की १२ मे च्या परिचारिका दिनाचे पुरस्कार पुरेसे नाहीत. अतिदक्षता किंवा मानसिक आरोग्य अशा शाखेत मिळवलेले विशेष कौशल्य पदनामात आणि वेतनात दिसले पाहिजे, आणि बढतीसाठी रुग्णसेवा सोडण्याची वेळ कुणावर येऊ नये.