मंत्र्यांची टिपणी आणि उजनीचे टक्के
सोलापूरच्या पालकमंत्र्यांकडे विशेष कार्य अधिकारी म्हणून रुजू होत असाल, तर भाषणं नंतर. आधी टिपणी शिका. एकच पान. पहिल्या दोन ओळींत निर्णय काय हवा ते, मग पर्याय, प्रत्येकाचा खर्च, कोण बिथरेल, शेवटी शिफारस.

आकड्याला एकक आणि तारीख हवीच. उजनीचंच घ्या. धरण शून्य टक्के म्हणजे कोरडं नव्हे, उपयुक्त साठा (सुमारे ५३.५७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट) संपलेला असतो, पण तळाशी ६३.६६ टीएमसी मृतसाठा उरतो. उन्हाळ्यात त्यातलंही पाणी वापरलं जातं, म्हणूनच टक्केवारी वजा दिसते. एकूण आणि उपयुक्त साठ्याची गल्लत झाली, की कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आमदार मंत्र्यांना कोंडीत पकडतात आणि खापर टिपणी लिहिणाऱ्यावर फुटतं. त्या सकाळचा आकडा जलसंपदा विभागाकडूनच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा नको.

खर्चाच्या प्रस्तावावर वित्त विभागाचा अभिप्राय येईपर्यंत कुणालाही ‘होऊन जाईल’ म्हणू नका. शिष्टमंडळ तो मंत्र्यांचा शब्द समजतं.

आणि हो, बाहेरून घेतलेल्यांची नेमणूक सहसा मंत्र्यांच्या कारकिर्दीपुरतीच असते. घरचं गणित त्या हिशेबाने बसवा.