शिक्षक परिषदेत मुलांचे लेखन प्रकल्प सादर करताना काय दाखवावं?

वीस मिनिटांत किती स्लाइड ठेवू आणि निवडक निबंधांची पुस्तिका वाटू का, असं तुम्ही विचारलंय. स्लाइड कमीच ठेवा. पुस्तिका आधी वाटलीत तर लोक ती चाळत बसतील आणि तुम्ही भिंतीशी बोलाल. एकाच मुलाच्या एकाच लेखाचा पहिला आणि शेवटचा खर्डा शेजारी-शेजारी लावा.

यावरून माझं आणि आमच्या एका ज्येष्ठ सरांचं चांगलंच वाजलं होतं. मी एका मुलीचा आजीवरचा लेख घेतला होता. पहिला खर्डा कुठल्याही वहीत सापडेल असा: 'माझी आजी प्रेमळ आहे. ती मला गोष्टी सांगते. मला ती खूप आवडते.' जोडीदार मुलीने समासात पेन्सिलीने विचारलं होतं, 'कुठली गोष्ट?' शेवटच्या खर्ड्यात आजी राजाची गोष्ट सांगता सांगता पेंगते, नात तिला हलवते, आणि आजी भलत्याच गोष्टीचा शेवट सांगून मोकळी होते. 'प्रेमळ' तिने स्वतःच खोडलं होतं. मी दोन्ही कागद ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसकट पडद्यावर टाकले.

"खाडाखोड दाखवून चारचौघांत शाळेची शोभा कशाला?" हे सरांचं म्हणणं. त्यांचा फलक देखणा होता. सुवाच्य अक्षर, लॅमिनेशन, आणि निम्म्या निबंधांत 'सोनेरी किरणांनी न्हाऊन निघालेली सृष्टी'. ती सृष्टी कोणाची, हे वर्गातलं शेंबडं पोरही सांगेल. लोक 'छान, छान' म्हणत पुढे सरकले. माझ्याकडे मात्र प्रश्न आले: समासात असं विचारायला मुलांना शिकवलं कसं? भरलेल्या वर्गात हे जमतं का? (जमतं. सगळा निबंध नाही, एकच परिच्छेद घ्यायचा, आणि तपासायच्या आधी जोडीदाराने वाचायचा.) म्हणून निम्मा वेळ प्रश्नांना ठेवा.

सरांच्या मते ही सगळी नवी फॅडं. नवी कुठली? फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या शाळामास्तरांनी १९२४ मध्ये वर्गात छापखाना आणला. मुलं आपला मजकूर वर्गात वाचायची, सगळे मिळून तो सुधारायचे आणि छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवून मुलंच छापायची. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीला लेखन शिकवणाऱ्या शिक्षकांचा उपक्रम सुरू झाला, तिथेही शिक्षक आपल्या वर्गातली पद्धत इतर शिक्षकांना करून दाखवतात.

हो, मुलाची आणि पालकांची परवानगी घ्या, नाव झाका. घरातल्या भांडणांवरचं लेखन परवानगी मिळाली तरी नेऊ नका. आणि एका खर्ड्यावरून सगळा वर्ग सुधारला असं भासवू नका, जिथे काहीच हललं नाही असाही एक कागद जवळ ठेवा. आयोजकांनी फक्त फलकच मागितला असेल तर प्रश्नच मिटला, तिथेही दोन्ही खर्डे चिकटवा.

तुमच्याकडेही असे सर असतील तर सादरीकरण त्यांना आधी दाखवू नका. आमच्या सरांनी आदल्या संध्याकाळी दोन्ही कागद 'शुद्ध करून' मागितले होते. मी दिले नाहीत.